तीन स्वार, एक कडियाळं

"म्हणजे मला मऊ आणि आत्यासाहेबांना कडक?"

रणधीरराव महाराज पागेत असे गरजले की खुंटीवरचं खोगीर धपकन खाली पडलं. छपराची दोन कौलं उडाली असंही सांगतात. पण ती आधीच फुटलेली होती म्हणे.

गोंदाजी मोतद्दाराच्या हातातला खरारा जागीच थिजला. डोंगऱ्या म्हणजे संस्थानातला सगळ्यांत दांडगा घोडा. तो शिंकला की नदीपलीकडचे लोक पाऊस आला म्हणून वाळवणं उचलायचे! त्याच्या तोंडात घालायचं लोखंडी कडियाळं गोंदाजी स्वार पाहून बदलायचा. आत्यासाहेब वाळक्या शेंगेसारख्या, लगाम धरायच्या दोन बोटांत. त्यांचं बोट डोंगऱ्याला कळावं म्हणून त्यांना कडक. महाराजांचा हात म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची जोडी. त्यांना कातडं गुंडाळलेलं मऊ, नाहीतर एखाद्या दिवशी घोड्याची जीभच हातात यायची! ही गोष्ट इतकी वर्षं पागेतच राहिली होती. आज दिवाणजींनी ती महाराजांच्या कानात नेऊन सोडली.

"सरकार, त्यात घोड्याचं..." गोंदाजी चाचरला.

"गप्प! मी काय पाळण्यातलं पोर आहे? आजपासून कडियाळं एकच!" महाराजांनी कोपऱ्यात पडलेलं काटेरी कडियाळं उचललं. "हे! दसऱ्याला दिवाणजी, आत्यासाहेब आणि मी यावरच मैदानाची फेरी मारणार. घोडा तिघांना सारखा चालला पाहिजे. चालला तर माग हवं ते. अडला, उधळला, नुसती मान जरी झटकली, तर तू पागेबाहेर आणि हे काटे त्याच्या तोंडात जन्मभर!"

घरी गोंदाजीनं ताटाला हात लावला नाही. सून सगुणा म्हणाली, "मामंजी, भाकरी करपलीय का?"

"भाकरी नाही गं, नशीब करपलं!" त्यानं सगळं सांगितलं. "माझं जाऊ दे. त्या मुक्या जिवाच्या तोंडाची चाळण होईल."

सगुणानं पदर खोचला. डोंगऱ्याला रोज सकाळी मैदानाची फेरी मारून आणायचं काम तिचंच. फेरी संपली की ती त्याला गुळाचा खडा द्यायची. आता तर ती पुढं चालली नाही तरी तो एकटा फेरी मारून गुळासाठी येऊन उभा राहायचा.

"मामंजी, ते काटे टोचतात कधी?"

"लगाम ओढला की."

"आणि नाही ओढला तर?"

"तर नुसते पडून राहतात जिभेवर. पण महाराज आणि ओढणार नाहीत? काहीतरीच!"

"मग जेवा गुमान!" असं म्हणून सगुणानं आरी, दोरा आणि नवी वादी काढली.

दसऱ्याला सारा गाव मैदानावर लोटला. डोंगऱ्याच्या गळ्यात झेंडूच्या अशा माळा, की खोगिराचं टोकही दिसेना. तोंडात काटेरी कडियाळं. महाराजांनी ते स्वतः वाकून पाहिलं आणि मिशीवर ताव दिला. गोंदाजीनं डोळे मिटून घेतले.

पहिले दिवाणजी. घोड्यावर बसले म्हणण्यापेक्षा लगामाला लोंबकळले म्हणा! तोंडानं रामरक्षा चालू. पण डोंगऱ्या गाईसारखा फेरी मारून सगुणापुढं येऊन थांबला. दिवाणजी उतरले ते छाती काढून. "बैठक लागते, बैठक! आमच्या घराण्यातच आहे ती."

मग आत्यासाहेब. अर्ध्या फेरीत त्यांनी लगाम बोटांनी चाचपला, गालात हसल्या आणि खुशाल पान खात परत आल्या. उतरताना हळूच म्हणाल्या, "लगाम फार हलका झालाय गं, पोरी!"

"आपला हातच हलका, आत्यासाहेब!"

"चल, लबाड!"

शेवटी महाराज. त्यांनी बसताक्षणीच डावीकडं हिसका दिला. डोंगऱ्या उजवीकडं वळला. "मला उजवीकडंच जायचं होतं!" महाराज ओरडले. मैदानाच्या मध्यावर त्यांनी थांबायला लगाम खेचला. डोंगऱ्या चालतच राहिला. तो थांबला तो सगुणापुढं, गुळासाठी! "पाहिलीत ही मुठीची जरब?" असं म्हणत महाराजांनी शेवटचा असा काही हिसका मारला, की टाका उसवला, माळा तुटल्या आणि लगाम हातात घेऊन महाराज घोड्याच्या पाठीवर उताणे! डोंगऱ्या शांतपणे गूळ चघळत होता.

महाराज उठून बसले. लगामाचं टोक पाहिलं, खोगीर पाहिलं.

"हा लगाम खोगिराला शिवला होता! घोड्याच्या तोंडाला नाहीच!"

"होय, सरकार," सगुणा म्हणाली.

"मग घोडा चालवला कुणी?"

"घोड्यानंच. वर कोण बसलंय याचा त्याला आज पत्ताच लागला नाही, म्हणून तर तिघांना सारखा चालला! आता आपला हात त्याच्या तोंडापर्यंत पोचायला हवा असेल, तर ज्याचा जसा हात, तसं कडियाळं!"

"पण मला मऊ का?" महाराजांचा आवाज जरा खाली आला होता.

"सरकार, वाघाला कुणी वर बिचवा देतं का?"

महाराजांनी डोळे वटारले. मग मिशी थरथरली. मग पोट. मग ते असे खदाखदा हसले की डोंगऱ्यानंही मान वर करून पाहिलं. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी सगुणाला दिलं आणि सगळ्यांदेखत हुकूम सोडला, "गोंदाजी पागेतच राहील. आणि कुणाला कोणतं कडियाळं, हे आजपासून ही पोरगी ठरवील. मलासुद्धा! माग, आणखी काय हवं?"

"ते काटेरी विहिरीत टाकू द्या, सरकार."

"टाक!"

दिवाणजी घाईघाईनं पुढं आले. "आणि आम्हांला गं? आमची बैठक पाहिलीस ना? आम्हांला कोणतं?"

"तुम्हांला आजचाच लगाम पुन्हा शिवून देते, दिवाणजी!" सगुणा म्हणाली. "तुम्हीही सुखी, घोडाही सुखी!"

आत्यासाहेबांना हसता हसता पानाचा ठसका लागला, आणि महाराज पुन्हा घोड्यावर उताणे झाले, या खेपेला आपण होऊन!