हैबती चव घेतो

बोरवाडीत हैबती नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं धडधाकट, मनानं निर्मळ. सांगितलेलं मुकाट ऐकायचा. सगळा घोटाळा तिथंच होता.

एकदा हैबतीला सर्दी झाली. नाक पार चोंदलं. बायकोनं, सगुणानं, भरली वांगी केली. हैबतीनं चार घास खाल्ले आणि म्हणाला, "सगुणे, मीठ घातलंस, पण चव घालायची राहिली."

सगुणानं ताटच उचललं. हैबती उठून वैद्यबुवांकडे गेला.

वैद्यबुवा म्हणाले, "अरे, जीभ बिचारी काय सांगणार? गोड, आंबट, खारट, कडू, असलं ढोबळ. तोंडात वांगं आहे की भोपळा, ते नाक सांगतं. घास चावला की त्याचा वास घशामागनं वर नाकात चढतो. तुझी ती वाटच बुजलीय."

"म्हणजे चव नाकात असते?"

"बरीचशी नाकातच."

हैबती घरी आला. चुलीपाशी मिरचीचा ठेचा होता. त्यानं चांगली चिमूट भरून उचलली आणि सरळ नाकपुडीत सारली.

मग तो जो शिंकत सुटला, की चुलीतली राख उडाली, ती भाकरीवर बसली आणि मांजर घर सोडून गेलं. सर्दीही गेली म्हणा.

"अहो, नाकात घास कोंबतात होय?" सगुणा ओरडली. "लांबनं वास घ्यायचा असतो, लांबनं!"

"मग तसं सांगायचं," डोळे पुसत हैबती म्हणाला.

पुढं सासरवाडीचं बोलावणं आलं. जावयासाठी सासऱ्यांनी कोंबडा कापला. ताट वाढलं. तसा हैबती उठला आणि पार उंबऱ्याशी जाऊन बसला. तिथनं नाक वर करून हुंगू लागला.

"जावईबापू, जेवा की," सासरे म्हणाले.

"जेवतोय. जरा रस्सा वाढा."

सासऱ्यांनी भरल्या वाटीत आणखी रस्सा ओतला. तो ताटभर पसरला. हैबतीनं दोन दीर्घ श्वास ओढले, "बास, पोट भरलं" म्हणाला आणि हात धुतले. त्याचं ताट कुत्र्यानं चाटूनपुसून लख्ख केलं.

परतीच्या वाटेवर हैबतीच्या पोटात कावळे ओरडू लागले. सगुणानं कपाळावर हात मारला.

"जीभ कशाला दिलीय देवानं? वस्तू तोंडात घातल्याशिवाय कळते का कधी?"

"मग तसं सांगायचं," हैबती म्हणाला.

अशात हैबतीच्या धाकट्या बहिणीला, शेवंताला, बघायला पाहुणे यायचे ठरले. स्थळ चांगलं होतं. घर सारवलं, भांडी घासली. चादरी धुवायला साबण हवा होता.

"चांगला बघून आणा," सगुणानं बजावलं.

दुकानदार म्हणाला, "हा घ्या. फेस भरपूर येतो."

हैबतीनं वडीचा लचका तोडला आणि चावला. फेस खरंच भरपूर आला. तोंडातनं आला, मिशीवरनं ओघळला.

"फेफरं आलं, फेफरं!" लोक धावले. एकानं त्याच्या नाकाला चप्पल लावली, दुसऱ्यानं कांदा.

"ही चप्पल, हा कांदा," फेसातनं हैबती म्हणाला. "दोन्ही ओळखले. नाक शाबूत आहे."

कुणीतरी वैद्यबुवांना बोलावून आणलं. ते संतापले. "कडू लागत नव्हतं का रे तुला?"

"लागत होतं की. पण बघून आणायला सांगितलं होतं."

"अरे, विषारी काही पोटात जाऊ नये म्हणून तर जीभ कडू चटकन ओळखते! ती राखणदार आहे तुझी. कडू लागलं की थुंकायचं. विचार करायचा नाही!"

"मग तसं सांगायचं," हैबती म्हणाला.

पाहुणे आले. मुलाचे वडील बापूराव कारल्याचे भारी शौकीन. म्हणून शेवंतानं मुद्दाम कारल्याची भाजी केली होती. बापूरावांनी घास घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"वा! ही पोर आमच्याच घरी यायची."

दाराआड शेवंता लाजली. सगुणाला हायसं वाटलं. मग बापूरावांच्या शेजारी बसलेल्या हैबतीनं पहिला घास तोंडात घातला.

"थूः! कडू! थुंका सगळे!"

"अहो, कारलंय ते," बापूराव चावत म्हणाले. "कडूच असतं."

"पाव्हणं, विचार करू नका, थुंका!"

हैबतीनं त्यांची मान धरली, जबडा उघडला आणि दोन बोटं आत घातली. भाजी आली. भाजीबरोबर बापूरावांची कवळीही आली. हैबतीनं ती निरखली.

"बघा! हाडं सुटायला लागली होती. वेळेवर काढलं म्हणून बरं!"

सगळी ताटं गोळा करून तो परसात धावला.

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात नवरा मुलगा फस्सकन हसला. हसता हसता म्हणाला, "बापू, भाजी तिनं केली, थुंकायला त्यानं लावलं. मला मुलगी पसंत आहे."

बापूरावांनी रिकामं तोंड चाचपलं. भाजीची चव अजून जिभेवर होती. शेवटी तेही हसले.

"पशंत," ते म्हणाले. "पण माझी कवळी द्या. लग्नात जेवायचंय मला."

हात झटकत हैबती आत आला.

"काळजी सोडा, पाव्हणं. कडू होतं ते सगळं म्हशीला घातलं."

गोठ्यात म्हैस डोळे मिटून चावत होती. कटाकट, कटाकट.