भिंतीकडे तोंड केलेले घड्याळ

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध डॉक्टरीणबाई प्रसूतिगृह चालवीत असत. सारा गाव त्यांना आक्का म्हणे. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकत होती. बुद्धीने तल्लख, पण स्वभावाने उतावळी. ती जिथून आली होती, त्या इस्पितळात निम्मी बाळंतपणे सिझेरियननेच होत. "आक्का, शंभरांत किती सिझेरियन योग्य?" हे तिचे रोजचे विचारणे. आक्का नुसत्या हसत.

एका सकाळी कुमुद नावाची पहिलटकरीण कळा देत आली. मागोमाग सासरे आले, हातात जोशीबुवांची चिठ्ठी.

"अकरा बावन्नला राजयोग आहे, बाई. तेवढं सिझर करून टाका."

आक्कांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घालून परत दिली. मग सत्तरीच्या त्या बाई स्टुलावर चढल्या आणि भिंतीवरचे घड्याळ त्यांनी उलटे टांगले, तबकडी भिंतीकडे. शिष्या बघतच राहिली.

"बाळाचे ठोके मोजायला मनगटावरचं पुरे," आक्का म्हणाल्या. कुमुदची पाठ चोळत त्या बसून राहिल्या.

झरोक्यातले ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होते. मधूनमधून शिष्या कुमुदच्या पोटावर ठोके ऐकायची नळी लावी, आणि लांबच्या रस्त्याने टांगा धावावा तसे ते इवले ठोके ऐकू येत. ऐकता ऐकता तिचे उतावळेपण कुठे विरघळले, तिलाच कळले नाही. राजयोग केव्हाच येऊन गेला होता. बाहेर सासरे धुसफुसत होते.

दुपार कलली आणि टांगा अडखळू लागला. प्रत्येक कळेनंतर ठोके मंदावत, लवकर सावरत नसत. शिष्येने घाबरून नळी आक्कांच्या हाती दिली. त्यांनी क्षणभर ऐकले.

"सिझेरियन. आत्ता."

"पण आक्का, एवढं थांबलो, अजून थोडं..."

"नाही गं. चल."

थोड्याच वेळात कुमुदची लेक रडली. सासऱ्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि डोळे पुसले.

संध्याकाळी शिष्येने विचारले, "सकाळी नाही म्हणालात, दुपारी हो. असं का?"

"सकाळी चिठ्ठी मागत होती, दुपारी बाळाने मागितलं. तू शंभरांचं विचारतेस. चाळीस वर्षांत माझ्या दारी शंभर कधी आल्याच नाहीत, बाळा. दर वेळी एकच येते."

इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली. शिष्येने नळी उचलली आणि ती दाराकडे गेली.