चढावर मरणारी गाडी

“व्हॉल्व्ह नवा आहे, वीज येतेय, मग गाडी चढावर मरते का?”

दिगंबरनं असं विचारलं, जणू दोष बाबालाल वस्तादांचाच होता.

वस्ताद गडहिंग्लजला आपल्या दाराशी बसून नखं कापत होते. दिगंबर त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पुढं आजऱ्याला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यानंतर आज पहिल्यांदाच तो या दारात आला होता, तीच गाडी घेऊन. डोळे तांबारलेले होते.

गाडी डिझेलची होती, नाईकबाईंची. धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा बिघाड दाखवत होती. दिगंबरनं आपल्या मिस्त्रीकडून तो व्हॉल्व्ह बदलून घेतला. बिघाड पुन्हा आला, त्यानं पुन्हा बदलून घेतला. काल आजारी आईला घेऊन बाई आंबोली घाट चढत होत्या. भर वळणावर गाडीचा जोर गेला, आणि मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. बाईंनी गॅरेजसमोर उभं राहून सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं त्याला सुनावलं.

तो संताप दिगंबरनं मारुतीवर काढला. मारुती म्हणजे तोच मिस्त्री, गॅरेज उघडल्यापासून सोबतीला. ‘तुला साधा व्हॉल्व्ह बसवता येत नाही’ असं ओरडत गिऱ्हाइकांसमोर त्याचे पाने रस्त्यावर फेकले.

“मारुती काय म्हणाला?”

“काय म्हणणार? पाने गोळा केले न् गेला.”

वस्ताद उठले आणि बॉनेट उघडायला लावलं.

दिगंबरनं व्हॉल्व्हचा सॉकेट ओढून काढला, त्यात मीटरच्या सुया घातल्या आणि मीटर वस्तादांच्या तोंडासमोर धरला. बारा व्होल्ट.

“बघा. आता सांगा, वायर खराब आहे म्हणून.”

वस्तादांनी मीटर त्याच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला. आतून हेडलाइटचा एक जुना बल्ब आणला. त्याच्या दोन वायरी त्याच सॉकेटला लावल्या.

बल्ब पेटला नाही.

दिगंबरनं वायरी हलवल्या, दाबल्या. बल्ब काळाच.

“बल्ब गेलेला असेल.”

वस्तादांनी बल्ब थेट बॅटरीला लावला. झगझगीत उजेड पडला.

“मीटरनं वायरीकडं काय मागितलं?” वस्तादांनी विचारलं.

“…काहीच नाही.”

“आणि बल्बनं?”

“करंट. तो तिला देता आला नाही.”

दिगंबरच्या अंगातला राग जायला वाट शोधत होता आणि समोर कुणीच सापडत नव्हतं. त्यानं दात आवळले आणि वायर बोटांनी चाचपत इंजिनच्या मागं नेली. वरून सगळं धड होतं. एका वळणावर मात्र ती बोटाखाली पिचपिचीत लागली. त्यानं तिथं वरचं आवरण चिरलं.

आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं. एकच तार उरली होती, केसासारखी. चढावर इंजिन हललं की तीही ताणली जाणार आणि वीज तुटणार.

म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह चांगले होते. बसवलेलेही नीटच होते.

कुजलेला तुकडा कापून त्यानं नवी वायर जोडली. बल्ब लख्ख पेटला. वस्तादांनी मान हलवली आणि हात पुसायला फडकं दिलं.

दिगंबर फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. मग एकाएकी त्यानं बॉनेट इतक्या जोरात आपटलं की समोरच्या पिठाच्या गिरणीतली बाई बाहेर डोकावली.

“नीट बसवलाय म्हणून तोंडानं सांगायचं की मारुतीनं!” तो ओरडला. “मी पाने फेकत होतो तेव्हा माझा हात धरायचा!”





शेवटी दिगंबरनं खिशातून मोबाईल काढला. मारुतीला बोलावून घेतो म्हणाला. झालं गेलं विसर, असं सांगतो म्हणाला.

वस्तादांनी मोबाईलवर हात ठेवला.

“फोन नको. त्याला तुझी गचांडी धरता येईल, इतक्या जवळ जाऊन उभा राहा.”