चाखल्याशिवाय वाढू नये

फोटोखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि पाचच मिनिटांत निमाकाकूंनी फोटोच काढून टाकला, तेव्हा ऋजुताच्या काळजात चर्र झालं. काकूंचे तुपात विरघळलेले अनारसे बघून पाककृतींच्या त्या ग्रुपचे ॲडमिन दिगंबरराव यांनी लिहिलं होतं, "अनारसे की मच्छरदाणी?"

परगावी एकटीनं राहणाऱ्या ऋजुताला काकूंनीच फोनवरून आमटी शिकवली होती. फोटो काढला त्या दिवसापासून काकू तिचाही फोन उचलेनात. आमटी रोज व्हायची, पण घशाखाली उतरायची नाही.

आठव्या दिवशी तिनं ग्रुपवर दिगंबररावांना विचारलं, "काका, निमाकाकूंची अशी थट्टा बरी का?"

"अगं, गंमत ती! पचवता यायला हवी."

"पण काका, स्वतः चाखल्याशिवाय इथे काही वाढायचं नाही, हा नियम तुमचाच ना? मग ही गंमत तुम्ही कधी चाखलीत? तुमच्या एखाद्या फसलेल्या पदार्थाचा फोटो टाका, आम्ही सगळे मिळून तुम्हाला तीच गंमत वाढतो. पचली, तर मी माफी मागते."

दिगंबरराव बराच वेळ लिहीत राहिले, पुसत राहिले. फोटो काही आला नाही. त्यांनी काकूंची माफी तेवढी मागितली.

ऋजुतानं पुन्हा काकूंना फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि थांबली.

"बोल गं बाई. जेवलीस का?"