प्रोसेसर आपटला त्याची गोष्ट

आटपाट टेबल होतं. त्याच्याखाली शाल्मलीनं सुटे भाग आणून स्वतः जोडलेला कॉम्प्युटर होता. त्यातला प्रोसेसर भारी हौशी. एकदा शाल्मलीनं सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग ठरल्यापेक्षा वाढवला, तर हा म्हणतो कसा, "एवढाच? आणखी वाढवा की!"

पंख्याला राहवेना. "दादा, तुम्ही तापलाय. गरगरून माझा जीव चालला."

"तू वारा घाल. धावायचं मला आहे."

शाल्मली व्हिडिओ जोडायला बसली आणि पाचव्या मिनिटाला स्क्रीन निळी पडली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळी. "मेमरीच खराब असणार," असं म्हणत तिनं मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक उपटली. "आता नीट चाललं, तर ही भंगारात."

"भाऊजी, माझं काय चुकलं?" पट्टी रडवेली झाली.

घाईघाईत गणितं प्रोसेसरनंच चुकवली होती. आता गुपचूप वेग कमी केला असता, तर सगळं खापर पट्टीवर फुटून तो नामानिराळा राहिला असता. पण तिच्याकडे त्याला बघवेना. तो सांगितलेल्या वेगानंच धावला आणि सगळ्यांदेखत आपटला; पट्टी नसतानाही स्क्रीन पुन्हा निळी.

"अस्सं! म्हणजे दोष तुझा होय रे!" शाल्मली हसली. तिनं पट्टी परत बसवली आणि वेग थोडाथोडा उतरवत नेला. अखेर व्हिडिओ न अडखळता पुरा झाला.

पंख्यानं हळूच विचारलं, "फार लागलं का हो, दादा?"

"नाही रे," प्रोसेसर म्हणाला, "उलट हलकं वाटतंय."