पाटावरचा पाहुणा

त्या राज्यात नदी एकच होती, आणि ती समुद्राला मिळत नसे. तांबड्या पाण्याची ती नदी साऱ्या मुलखाला वळसा घालून पुन्हा उगमाशी येई. वाटेत, कण्याच्या डोंगराच्या दोन्ही कुशींना, गाळण्यांची दोन गावे होती. तिथे लक्षावधी झिरझिरीत वस्त्रे प्रवाहात ताठ उभी राहून मळ बाहेर टाकीत आणि सत्त्व राखून ठेवीत. राज्यात इतर काही फाटले तर पुन्हा विणले जाई. गाळण्यांची वस्त्रे मात्र एकदा फाटली की फाटली.

वाऱ्याच्या अरण्याजवळ, नदीच्या काठी, कर्तरी नावाच्या एका जुन्या कात्रीचे घर होते. घरात एकच पाट आणि रीतही एकच: दारी आलेल्याला पाटावर बसवावे, आणि बसलेल्याला ऊठ म्हणू नये. दहा मण्यांची माळ पाहुणी म्हणून येई, पाटावर टेके. कर्तरी शेवटचे दोन मणी कातरी. उरलेली आठ मण्यांची माळ राजाज्ञा होऊन निघे. ती पोहोचली की कालव्यांचे रखवालदार आपापले कालवे आवळून धरीत आणि पाण्याचा जोर वाढे. पूर्वी घोर अवर्षण पडले, तेव्हा या जोरावरच राज्य तगले होते. अवर्षण सरून युगे लोटली. थांब, असे मात्र कर्तरीला कोणी सांगितले नाही.

ती कातरीत राहिली, पूजेला बसावे तशा निष्ठेने. कामात खंड नको म्हणून तिने कधी कुणाचे नावही विचारले नाही. दिवसाकाठी सहस्र पाहुणे येत, पण पापणी लवेपर्यंतच टेकत. एवढी वर्दळ असूनही त्या घरात कुणाची ऊब उरत नसे.

एके दिवशी प्रवाहाबरोबर एक चिंधी आली आणि उंबऱ्याला अडकली.

"कोण गं तू?"

"झिराई. डावीकडच्या गावची गाळणी."

"मग काम सोडून इकडे कुठे? बरी फुरसत मिळते तुम्हा लोकांना!"

"मी कुठली सोडतेय, बाई! पाण्याचा जोर सोसेना, काल फाटले. आमच्या आळीत शंभरांतल्या चाळीसच उभ्या आहेत आता. बाहेर टाकायच्या पाण्यावर पांढरा फेस येतोय. जे राखायचं तेच निसटून चाललंय."

कर्तरी ऐकत होती आणि कातरीत होती.

"हात आवर गं," झिराई म्हणाली. "माझं झालं ते झालं. उरलेल्यांना तरी राहू दे."

कर्तरीला राग आला. युगानुयुगांची सेवा, आणि एक चिंधी येऊन शिकवणार! झिराई पुढे वाहून गेली. तरीही पुढची माळ आली तेव्हा, नुसते पाहावे म्हणून, कर्तरीने पाती उघडीच धरली. माळ पाटावर टेकली आणि पाती मिटली. तिने पुन्हा सारे बळ एकवटले. पुन्हा मिटली. त्या दिवशी प्रथमच कर्तरीला आपल्याच हातांची भीती वाटली. आणि ती सांगावी असे घरात कोणी नव्हते.

काही दिवसांनी तो आला. जेमतेम तीन मण्यांएवढा, अंगावर ना रंग ना तेज. त्याचे पूर्वज नागाच्या दाढेत राहत, असे म्हणत. दारातल्या माळा अंग चोरून उभ्या राहिल्या.

"विषाच्या घराण्यातला दिसतोय. शिवू नका गं!"

तो आत आला आणि पाटावर बसला. पाट जणू त्याच्याच मापाने घडवला होता. कर्तरीची पाती मिटायला आली आणि अर्ध्यात अडली.

"कर्तरीबाई, उठवा की त्याला!" माळा ओरडल्या. "आम्ही काय इथेच उभं राहायचं?"

"बसलेल्याला उठवायची या घरची रीत नाही," कर्तरी म्हणाली. मग तिने पाहुण्याला विचारले, "आपण काय करायला आलात?"

"बसायला."

"आणि?"

"नुसतं बसायला."

नवी आज्ञा निघेना, तसे हळूहळू कालवे सैलावले. नदीची गर्जना उतरली. तेव्हा कर्तरीला दुरून झिरपणाऱ्या पाण्याचा बारीक नाद ऐकू आला. उरलेल्या गाळण्या उभ्या होत्या. आणि त्याच्याही वर, आकाशाच्या आतून, एक गुणगुण येत होती. कुणीतरी एकटेच, थकल्या गळ्याने, एकच नाम घोळवीत होते.

"हे कधीपासून चालू आहे?" तिने विचारले.

"तुमच्याही आधीपासून."

दिवस कलला तसा पाहुणा झिजत गेला.

"राहा ना," कर्तरी म्हणाली. हा शब्द तिने याआधी कुणालाही म्हटला नव्हता.

"माझी वाट गाळण्यांच्या गावातूनच बाहेर जाते, बाई. ज्यांच्यासाठी बसलो त्याच मला मळ म्हणून टाकतील. त्यांचं कामच आहे ते."

"आणि उद्या?"

"उद्या दुसरा येईल. कुणी आठवणीनं पाठवला तर."

तो आपण होऊन उठला आणि वाहत्या पाण्यात उतरला.

सकाळ झाली. कर्तरीने पाट पुसला. दारात माळांची रांग लागली होती. पहिलीने उंबऱ्यावर पाऊल ठेवले. "आज तरी काम चालू आहे ना, बाई?" पाती आपसूक उघडू लागली. वरची गुणगुण मध्येच थांबली. कर्तरीने पाटाकडे पाहिले, दाराकडे पाहिले. नदी कान देऊन असल्यासारखी संथ झाली.

मग जिथून ते नाम उमटत होते त्या राज्याच्या महाद्वारी, ओठांआडचे विरळ झालेले पांढरे दरवान दूर झाले. घोटभर पाणी आत उतरले. त्याला तुळशीचा वास होता, आणि त्या पाण्यातून, तीन मण्यांएवढा, दुसरा पाहुणा येत होता.