गेनूने सगुणेला समुद्र दाखवला

कोरडवाडी नावाच्या गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा हे लोक त्याच्या आईसमोर म्हणायचे. मागे वेगळं म्हणायचे.

गेनूच्या बायकोने, सगुणेने, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लग्न ठरलं तेव्हाच गेनूने कबूल केलं होतं, "तुझे पाय एकदा समुद्रात बुडवीन." त्यानंतर बरीच वर्षं तिचे पाय शेणामातीतच बुडाले. शेवटी एकदाचं जायचं ठरलं. नावाजलेले समुद्र महाग पडतात, म्हणून गेनूने माडबंदर निवडलं. तिथे कोणीच जात नसे. एस.टी. सकाळी नेऊन सोडायची, संध्याकाळी परत आणायची. मुक्कामाचा खर्च नाही.

निघताना आई म्हणाली, "गेनू, सामान जप रे."

गेनूने पिशवी खिडकीजवळ बसवली आणि शेजारी स्वतः बसला. सगुणा घाटभर उभी राहिली.

"ओ भाऊ," कंडक्टर ओरडला, "पिशवी काय वारा खायला निघाली आहे? सामान खाली, माणूस वर!"

"बरं झालं सांगितलंत," गेनू म्हणाला. "आता चूक होणार नाही."

माडबंदरात खानावळ एकच, जयूकाकूंच्या पडवीतली. गेनूने पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला आणि स्वतः टेबलावर मांडी घालून बसला. काकू बाहेर आल्या.

"अहो, हळदकुंकू वाहू का तुम्हाला? उतरा खाली! आणि इथे जेवायचं तर आधी सांगावं लागतं. किती माणसं ते सांगायचं आणि निवांत फिरायचं. एकदा सांगितलं की काळजी नाही."

"दोन माणसं. बरं झालं सांगितलंत. आता चूक होणार नाही."

बाहेर कंडक्टर चहा पीत होता. गेनूने त्याला लगेच सांगून टाकलं, "संध्याकाळी परत जायला दोन माणसं."

"बरं," कंडक्टर म्हणाला.

मग दोघं किनाऱ्यावर आली. समुद्र जागेवर नव्हता. लांब कुठेतरी चमकत होता आणि मध्ये नुसता चिखल. गेनूने तोंडापाशी हात धरून हाक मारली, "दोन माणसं आहोत!" समुद्राने ऐकलं नाही. मग गेनू त्याच्या मागे धावत सुटला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. जाळं शिवत बसलेल्या पांडूतात्यांनी वल्हं पुढे करून त्याला ओढून काढलं.

"कुणाच्या पाठी लागलायस रे? ओहोटी लागल्ये. गेलेल्याच्या मागे धावायचं नसतं. गप बसायचं. वेळ झाली की येतं आपोआप."

"बरं झालं सांगितलंत, तात्या. आता चूक..."

"आधी पाय धू."

दोघं बसली. पाय भिजल्याशिवाय सगुणा जेवायलाही उठेना. दुपार कलली. पाणी थोडं पुढे सरकलं. एवढ्यात एका कुत्र्याने सगुणेची चप्पल उचलली.

"अहो, चप्पल नेली!"

"गप बस. येईल आपोआप."

सगुणा कुत्र्यामागे सुरूच्या बनात पळाली. गेनूला तिची कीव आली. सांगून कळत नाही काही माणसांना.

तेवढ्यात थांब्यावरून कंडक्टरची हाक आली, "शेवटची गाडी! बसा चटकन!"

गेनू जाऊन बसला. पिशवी खाली, माणूस वर.

"बाई कुठे आहेत?"

"गेल्या. पण दोन माणसं सांगून ठेवली आहेत ना मी!"

बाई पुढच्या थांब्यावर चढणार असतील, असं समजून कंडक्टरने डबल बेल दिली.

कोरडवाडीत आई दारातच उभी होती. "अरे, सगुणा कुठे आहे?"

"ओहोटीला गेली."

"म्हणजे?"

"मागे धावायचं नसतं, आई. गप बसायचं. वेळ झाली की येते आपोआप." एवढं बोलून गेनू गावतळ्याच्या काठावर जाऊन बसला. तळं होळीपासून कोरडं होतं. आईने कपाळावर हात मारला आणि पोलीसपाटलांकडे धाव घेतली. त्यांनी माडबंदरला फोन लावला, तेव्हा सगुणा काकूंच्या पडवीत दोन माणसांचं जेवण एकटी जेवत होती. पाणी गाडी गेल्यावर आलं होतं. ती त्यात कमरेपर्यंत उभी राहिली होती, आणि हाका मारायला कोणी नव्हतं म्हणून अंधार पडेपर्यंत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ती परत आली. लुगड्याच्या काठाला वाळू, पायात एकच चप्पल. तळ्यापाशी गेनू तसाच बसलेला. त्याच्याभोवती निम्मं गाव जमलं होतं.

"बघ!" गेनू आईला म्हणाला. "सांगत नव्हतो? आली की नाही आपोआप?"

"आले बरं," सगुणा म्हणाली. "उठा आता."

गेनूने तिच्या मागे वाकून पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"तू आलीस," तो म्हणाला, "पण पाणी कुठे आहे?"

आणि परत खाली बसला.